सोडायचंच होतं, तर धरलं कामून?

हौशी मासेमारीत 'पकडा आणि सोडा' या पद्धतीला सध्या फार चांगलं नाव आहे. गळाला मासा लावायचा, खेळवत जवळ आणायचा, लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. जीव घेतला नाही, समुद्राचं काही नेलं नाही, आणि रील मात्र झाली. कयाकवरून मासे धरणाऱ्या पोरांमध्ये तर हा जवळजवळ धर्म आहे. मासा घरी नेणारा म्हणजे अडाणी, हावरट. सोडणारा म्हणजे समजदार. मला या समजदारपणाबद्दल शंका आहे. मासे मीही धरतो, त्यामुळे शंका बाहेरून घेतलेली नाही.

मी मुदखेडचा. नांदेडपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं रेल्वेचं जंक्शन, आसपास फुलांची शेती. महाराष्ट्रात राहून समुद्रापासून जितकं लांब असता येईल, जवळपास तितकं लांब. आमच्याकडे मासा म्हणजे गोदावरीतला नाहीतर तळ्यातला: रोहू, कटला, मरळ, वाम. धरणारे भोई, विकत घेणारे आम्ही. आणि उन्हाळ्यात पाण्याशी खेळायचं, ही कल्पना आमच्या भागात जरा लाजिरवाणीच. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या मित्राने पहिल्यांदा कयाकवर बसवलं, तेव्हा एवढं पाणी नुसतं आजूबाजूला पसरलेलं बघूनच मला कसंतरी झालं होतं. आता चार वर्षं झाली. मार्च ते मे या दिवसांत दोन-तीनदा आम्ही सिंधुदुर्गात जातो. आचऱ्याच्या खाडीत, नाहीतर तारकर्ली-देवबागकडे कर्लीच्या मुखाशी.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: मासेमारीची कयाक म्हणजे दहा-बारा फुटांची प्लॅस्टिकची बंद होडी. तिच्या आत नाही, वर बसायचं. पाय लांब करून बसलं की आपण पाण्यापासून वीतभर उंचीवर असतो. इंजिन नाही, आवाज नाही. पहाटे निघायचं, कारण दुपारकडे वायव्येचा वारा उठतो आणि मग वल्हं मारून मारून खांदे भरून येतात. खरी वेळ ओहोटी सुरू होतानाची. कांदळवनात शिरलेलं पाणी परतायला लागतं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयटाची पिल्लं बाहेर येतात, आणि त्या अरुंद तोंडाशी चोणक दबा धरून असतो. खडकांच्या बाजूला तांबोशी आणि गोबरे. मोठा चोणक लागला की पहिल्यांदा तो होडीच ओढायला लागतो. आपल्याला जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे माशाचा प्रत्येक हिसका कमरेपर्यंत जाणवतो. काठावरून गळ टाकणाऱ्याला हे कळणार नाही. मजा आहे, ती नाकारून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

चोणक म्हणजेच रायगडकडचा जिताडा. तो जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे फोटोत मिरवण्याएवढा मोठा चोणक बहुतेक वेळा मादी असतो. पावसाच्या तोंडावर हे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे सरकतात. आम्ही हौशी लोक सुट्ट्या आणि शांत समुद्र बघून नेमके तेव्हाच तिथे पोचलेले असतो. गोबऱ्याचं उलटं, तो आधी मादी आणि मग नर. म्हणजे मोठे मासे सोडावेत याला भक्कम कारण आहे, हे आधीच कबूल करतो. छोटे सोडावेत याला तर आहेच. महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचा नाही असा नियम आहे. अशा वेळी सोडणं भागच आहे. माझा प्रश्न त्याबद्दलचा नाही. पहिल्यापासून सोडायच्याच हेतूने जो धरतो, त्याच्याबद्दलचा आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या मित्राला सात-आठ किलोचा चोणक लागला. हा मित्र पक्का शाकाहारी, घरात अंडंही येत नाही. दहा मिनिटं मासा खेळवून त्याने उथळ पाण्यात आणला, हात ओले करून धरला, तोंड प्रवाहाकडे करून हळूहळू पुढेमागे हलवला आणि सोडला. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. मी शूटिंग करत होतो. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो ते काका काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांचं आयुष्य मासेमारीत गेलं. तरुणपणी रापणीला दोर ओढायचे, आता छोटी होडी आहे. त्यांनी मान वर करून विचारलं, "सोडूचो होतो तर धरलंस कित्याक?"

राग नव्हता त्यात. एवढ्या माशाला चांगला भाव आला असता, त्यांची एक-दोन दिवसांची कमाई त्यांच्या डोळ्यांदेखत पोहत निघून गेली होती, पण ते तसं काही बोलले नाहीत. उत्तराची वाट न बघता ते परत जाळ्याकडे वळले.

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा आजीला तो व्हिडिओ दाखवला. आजी माळकरी आहे. घरात आम्ही मटण खातो ते तिच्या चुलीपासून लांब, वेगळ्या भांड्यांत. मला वाटलं मासा सोडलेला बघून तिला बरं वाटेल. तिने फोन जवळ धरून पूर्ण बघितला आणि म्हणाली, "सोडायचंच होतं तर धरलं कामून त्यानं?"

कित्याक आणि कामून. एकजण आयुष्यभर मासे मारत आलेला, दुसरीने आयुष्यात माशाला हात लावलेला नाही. दोघांमध्ये निम्म्याहून जास्त महाराष्ट्र आहे आणि बहुधा एकमेकांची भाषा अर्धीच कळेल. तरी प्रश्न एकच. मला तेव्हापासून वाटतं की दोघांकडे माशाचा काहीतरी हिशोब आहे. काकांचा हिशोब: मासा हा जीव आहे, तो खाऊन आपण जगतो, म्हणून धरतो. आजीचा हिशोब: मासा हा जीव आहे, म्हणून धरत नाही. माझ्या मित्राचं वाक्य पूर्ण करून बघा. मासा हा जीव आहे, म्हणून सोडतो. बरोबर, पण मग धरतो कशासाठी? तिथे फक्त 'मजा येते' एवढंच उरतं. मराठीत यासाठी तयार शब्दप्रयोग आहे, जिवाशी खेळणं, आणि तो आपण कधीच चांगल्या अर्थाने वापरत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं माहूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. त्यांच्या लीळाचरित्रात चक्रधरांची सशाची गोष्ट आहे. शिकारी कुत्री मागे लागलेला ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली दडतो आणि मागून पारधी येतात. ती शिकार पोटासाठी नसते, ससा होडेचा असतो, म्हणजे पैजेचा. लहानपणी ही गोष्ट मला फक्त दयेची वाटायची. पैजेचा तपशील मागाहून लक्षात आला.

आता विज्ञानाकडे, कारण मित्राचा पहिला मुद्दा तोच होता: माशाला दुखतच नाही. २००३मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केले. इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती सापडली. ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसिड टोचलेल्या माशांचा श्वास वाढला, ते बराच वेळ खायला आले नाहीत, आणि ॲसिडवाले ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. दुसऱ्या बाजूला जेम्स रोझसारखे शास्त्रज्ञ म्हणतात की माणसात वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्य थरामुळे होते तो थर माशाला नाही, म्हणून ही नुसती प्रतिक्रिया आहे. वाद मिटलेला नाही. मी रोज सेन्सरचा डेटा हाताळतो, तापमान नोंदवणाऱ्या यंत्राला उकडत नाही हे मला मान्य आहे. पण ते यंत्र खड्यावर तोंडही घासत नाही. आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो हे ठीक, पण इथे तो फायदा आरोपी स्वतःच स्वतःला देतोय, तोही फक्त एका सकाळच्या मजेसाठी. पोटाचा प्रश्न असता तर मी कदाचित वेगळा विचार केला असता.

दुसरा मुद्दा: सोडल्यावर मासा होता तसा होतो. आमच्या धंद्यातली भाषा वापरायची तर सोडणं म्हणजे अनडू. तसं नसतं. झुंजीत माशाचे स्नायू थकतात, रक्तात आम्ल साचतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात सावरायला जास्त जड जातं. कोरड्या हातांनी धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासूनचा बचाव असतो. गळ घशात किंवा कल्ल्यात रुतला असेल तर विचारूच नका. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी २००५मध्ये निरनिराळ्या अभ्यासांतले २७४ आकडे एकत्र केले. सोडल्यानंतर मरणाऱ्या माशांचं प्रमाण सरासरी १८ टक्के आलं, मध्यक ११ टक्के. जात, गळाचा प्रकार, पाण्याचं तापमान, धरणाऱ्याचा हात यांप्रमाणे हे खूप बदलतं. चोणक तसा दणकट. तरी हिशोब करून बघा. चांगल्या सकाळी आमच्यातला एखादा लहानमोठे मिळून वीस मासे धरून सोडतो. ११ टक्के धरले तरी दोन मेले, १८ धरले तर साडेतीन. फक्त ते आपल्यासमोर मरत नाहीत. मी खाण्यापुरते दोन धरून थांबलो तर मेले दोन, आणि ते ताटात दिसले.

हा आकडा बघितल्यावर मला मूळ गोष्ट कळली. खाण्याला आपोआप हद्द असते. चार माणसांच्या जेवणाला दोन मध्यम तांबोशा पुरतात, तिसरी धरली तर ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो. सोडण्याने ती हद्दच काढून टाकली. सोडणारा दिवसभर धरू शकतो, आणि प्रत्येक माशानंतर त्याला आपण आधीपेक्षा चांगले आहोत असं वाटत राहतं.

स्वित्झर्लंडमध्ये हे सरळ कायद्यात आहे. २००८च्या त्यांच्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार सोडण्याच्या हेतूने गळ टाकायलाच बंदी आहे. लहान किंवा संरक्षित मासा लागला तर सोडायचा, पण मुळात खायच्या इराद्याने जायचं. जर्मनीतही प्राण्याला त्रास द्यायला 'रास्त कारण' लागतं, आणि खाणं हे असं कारण मानलं जातं. मला हे वाचून गंमत वाटली, कारण बाकी बहुतेक देशांत आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमका उलटा सन्मान आहे. आपल्याकडच्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, म्हणजे मासाही आला. अन्नासाठी मारण्याला त्यात सूट आहे, तीही विनाकारण वेदना दिली नाही तर.

सोडण्याच्या बाजूने मला माहीत असलेला सगळ्यात चांगला दाखला कावेरीचा आहे. कर्नाटकात गलिबोरे, भीमेश्वरी इथे कित्येक वर्षं महसीरसाठी कॅम्प चालायचे, मासा धरून सोडायचा. नदीकाठच्या माणसांना तिथे काम मिळालं, जाळी आणि सुरुंग लावणाऱ्यांवर पहारा बसला. एवढंच नाही, त्या हौशी लोकांनी १९९८पासून लिहून ठेवलेल्या नोंदींवरूनच पुढे संशोधकांना कळलं की कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर संपत चाललाय. २०१८मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर तो नष्ट होण्याच्या अगदी कडेला आला होता. हे मी हलक्यात घेत नाही. तिथे गळाची इजा एका बाजूला आणि नदी राखणं दुसऱ्या बाजूला, असा काही व्यवहार होता. पण आम्ही शनिवारी पहाटे पोचतो, रविवारी रात्री पुण्यात असतो. आम्ही कोणाला पहाऱ्यावर ठेवलं नाही, कुठली वही लिहिली नाही. कावेरीवाल्यांचं पुण्य आमच्या खात्यात कसं जमा होईल?

"मग ट्रॉलरचं काय?" हा मुद्दा दर वेळी येतो, बहुतेक वेळा परतीच्या घाटात. पर्ससीन जाळी टनावारी मासा उपसतात, रात्री एलईडी लावून बेकायदा मासेमारी चालते, आणि आपण एका चोणकावर डोकं फोडतोय. खरं आहे. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचं त्यांच्याशी भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि माझ्या मते बाजू पारंपरिकांची खरी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते तीही सगळे पाळतात असं नाही. पण हा मुद्दा साठ्याचा झाला, समुद्रात मासे किती उरतील याचा. माझा प्रश्न माझ्या दोरीच्या टोकाला असलेल्या एका माशाशी मी कसा वागतो याचा आहे, आणि त्याचं उत्तर ट्रॉलरच्या मालकाकडे नाही.

एक आणखी आहे, 'बरोबरीची झुंज'. कयाकवाले हे फार म्हणतात: इंजिन नाही, आपण एकटे, मासा होडी ओढतोय, म्हणजे सामना समान. मला हे ऐकवत नाही. सामन्यात दोघांना खेळायचं असतं. इथे एकजण खेळतोय आणि दुसरा जिवाच्या आकांताने पळतोय. आणि हरलो तर माझं काय जातं? दीडशे रुपयांचा प्लॅस्टिकचा मासा.

खाणारा यात धुतला जातो असं मी म्हणत नाही. होडीच्या तळाशी तडफडत सोडलेला मासा मरायला बराच वेळ घेतो, आणि बहुतेक जण तो तसाच सोडतात. मी लाकडी दांडक्याने डोक्यावर एक फटका मारतो आणि लगेच कल्ले कापून रक्त काढतो. चवही त्यामुळे चांगली राहते, हे काकांनीच सांगितलेलं. पहिल्यांदा मारताना हात थरथरला होता, आताही मजा येत नाही. ती येऊ नये असंच मला वाटतं. मासा मारणं हा त्या सकाळचा वाईट भाग आहे आणि तो मी करतो म्हणून उरलेल्याची किंमत मला माहीत आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे लहान किंवा अंड्यावरचा मोठा मासा लागला तर पटकन निघतो. असे मासे सोडतोच. ते सोडताना मला चांगलं वाटत नाही, चुकून धक्का लागलेल्या माणसाला सॉरी म्हणावं तसं वाटतं. आणि घरापुरतं झालं की गळ गुंडाळून ठेवतो. कधीकधी साडेसातलाच. पुढचे दोन तास नुसतं वल्हवायचं, खंड्या बघायचे, कांदळवनात शिरून यायचं. पहिल्या वर्षी हे जड गेलं, कारण नेमकी त्याच वेळी ओहोटी ऐन रंगात असते आणि शेजारच्या कयाकवरून मित्राची रीळ कर्रकन वाजते.

त्याच्याशी या सगळ्यावर तासन्‌तास बोलून झालंय. त्याचं म्हणणं सोपं आहे: "तुझा नियम तुला परवडतो, कारण तू खातोस. मी खात नाही. तुझ्या नियमाने मी गळच टाकायचा नाही, असंच ना?"

मी म्हटलं, हो, असंच.

तो म्हणाला की हा अजब न्याय झाला, मारणाऱ्याला परवानगी आणि न मारणाऱ्याला बंदी. मी त्याला परत आजीचं वाक्य ऐकवलं. त्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आजींना कयाकवर एकदा बसवायला पाहिजे. आजीला मी विचारलं. ती यायला तयार आहे, गळ न्यायचा नाही या अटीवर. पावसाळा संपला की ऑक्टोबरात समुद्र शांत होतो तेव्हा न्यावं म्हणतोय. मित्रही येणार आहे. त्याने नवीन रॉड मागवलाय, तो घेऊन येणार की नाही हे त्याने अजून सांगितलेलं नाही.